दप्तराबाहेरचे सोबती

पुण्याहून पौडाच्या वाटेने सह्याद्रीकडे निघालेल्या प्रवाशाला भूगाव आणि पिरंगुट मागे पडल्यावर ज्या मुलुखाचे दर्शन घडते, त्या मुळशीचा इतिहास आजवर प्रायः दोन प्रकरणांतच सांगितला गेला आहे. त्यांतले एक शिवकालीन मावळ्यांचे. त्यात पौड मावळ, मुठे खोरे, मोसे खोरे ही नावे बाजी पासलकरांसारख्या देशमुखांच्या पराक्रमासह येतात. दुसरे विसाव्या शतकातील सत्याग्रहाचे. त्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागे उभा राहिलेला शेतकरी दिसतो. ही दोन्ही प्रकरणे मोलाची आहेत. परंतु त्या मावळ्याच्या आणि त्या शेतकऱ्याच्या अंगणात जी जनावरे बांधलेली होती, ज्यांच्या सोबतीवाचून त्याचा एक दिवसही पार पडला नसता, त्या बैलाचा, म्हशीचा आणि उंबऱ्याबाहेर राखण करणाऱ्या कुत्र्याचा वृत्तांत कोणी एकत्र मांडलेला नाही. माणूस आणि त्याच्या सोबतीचे प्राणी यांच्यातील संबंधांचे शास्त्रीय संशोधन गेल्या साठ वर्षांत जगभर वाढले आहे. आणि हा संबंध समजून घ्यायचा तर मुळशीसारखा मुलूख त्या संशोधनाच्या केंद्रस्थानी असावयास हवा, अशी माझी दृढ धारणा आहे.

सरकारदरबारी जनावराची नोंद पूर्वापार होत आली, ती मुख्यतः वसुलाच्या निमित्ताने. पेशवाईच्या अमदानीत वनचराई आणि म्हैसपट्टी यांसारख्या करांपुरते जनावर दप्तरात येई. इंग्रजी अमलात १८८५ साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले, त्यात बैल, गाई, म्हशी, घोडी, गाढवे आणि शेळ्यामेंढ्या यांची गणती तालुकावार दिलेली आहे. आणि १९१९ पासून सर्व देशाची पशुगणना ठराविक मुदतीने होऊ लागली. नेमक्या त्याच सुमारास नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे सोडण्याची योजना मुळशी पेट्यावर येऊन आदळली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास प्रारंभ झाला. १९२४ च्या अखेरीस तो मावळला. आणि १९२७ साली धरण उभे राहिले. ज्या कायद्याने या जमिनी घेतल्या, त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे तेविसावे कलम वाचण्याजोगे आहे. जमिनीचा बाजारभाव, उभ्या पिकाचे आणि झाडांचे नुकसान, राहते घर अथवा धंद्याची जागा बदलावी लागल्यास त्याचा वाजवी खर्च, असे मोबदल्याचे विषय त्यात क्रमाने सांगितले आहेत. हा कायदा त्याच्या काळाच्या मानाने व्यवस्थित रचलेला होता यात शंका नाही. परंतु ज्या ओढ्याच्या उतारावर गुरे तीन पिढ्या पाणी पीत आली तो उतार, जी वाट म्हशींना अंधारातही पायाखालची होती ती वाट, आणि या दोहोंवर उभे राहिलेले माणसाचे व जनावराचे परस्परांशी असलेले वळण, यांना त्या कलमात जागा नव्हती. खोऱ्याच्या तळाची भातखाचरे आणि गावठाणे पाण्याखाली गेली तेव्हा या वळणाचे काय झाले, हे मोबदल्याच्या कागदांवरून कधीही कळणार नाही. त्यासाठी निराळ्या साधनांकडे वळावे लागते.

ही साधने तीन प्रकारची आहेत: उत्खननात सापडलेली हाडे व मूर्ती, देवघरात व शेतात चालत आलेले आचार, आणि ज्यांनी प्रत्यक्ष पशुपालकांत वावरून लिहिले त्या अभ्यासकांचे ग्रंथ. पहिल्या प्रकाराबाबत पुणे जिल्हा विशेष भाग्यवान आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून दीर्घकाळ उत्खनन केले, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे एक संपूर्ण गाव उजेडात आणले. त्या गावच्या अस्थींत गाईबैल, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या बरोबरीने कुत्राही आहे. म्हणजे ज्या प्राण्यांना आज मुळशीचा शेतकरी आपले म्हणतो, तीच मंडळी तेव्हाही आपल्या जिल्ह्यातील नदीकाठच्या वसाहतीत नांदत होती. याहून बोलका पुरावा आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवरेकाठच्या दायमाबादचा. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्यास ज्या चार धातुमूर्ती सापडल्या, त्यांपैकी एक बैलजोडीचा रथ आहे. रथात एक पुरुष उभा आहे, पुढे दोन बैल जुंपले आहेत, आणि मधल्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्या अनाम ओतकाराला रथ ओढण्यासाठी कुत्र्याची काहीएक गरज नव्हती. तरीही त्याने तो तेथे बसवला, कारण गाडी निघाली की कुत्रा बरोबर असायचाच, हे त्याने रोज पाहिलेले असावे. महाराष्ट्रातील माणूस, बैल आणि कुत्रा यांच्या साहचर्याचे याहून प्राचीन आणि याहून प्रत्ययकारी चित्र मला ठाऊक नाही.

आता देवघराकडे वळू. मुळशीतल्या ज्या घराचे कुलदैवत खंडोबा, त्या घरच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक असतो. अंगठ्याने रोज पुसून पुसून त्यावरची आकृती झिजलेली असते, पण उजेडाकडे तिरपा धरला तर घोड्यावर बसलेला देव, मागे म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी धावणारा कुत्रा, एवढे स्पष्ट दिसते. ज्या घरात कुत्र्याने उंबरा ओलांडू नये असा दंडक, त्याच घरात तो सर्वांत पवित्र जागी, गंधाक्षता घेत, पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षड्‌रात्र बसते आणि चंपाषष्ठीला उठते. त्या दिवशी बाजरीचा रोडगा आणि वांग्याचे भरीत यांचा नैवेद्य होतो, ताम्हनात विड्याची पाने, सुपारी, खोबरे व भंडार घेऊन तळी उचलली जाते, आणि मग घरची माणसे जेवायला बसण्यापूर्वी कुत्र्यांना घास घातला जातो. ही भूतदयेची भिक्षा नाही. देवाच्या परिवारातील एकाला त्याचा हक्काचा वाटा देण्याचा हा विधी आहे. खंडोबाला वाहिलेले वाघ्ये पूर्वी देवाचे कुत्रे म्हणून भुंकत आणि कोटंबा या भिक्षापात्रातले अन्न तोंडाने खात. हा आचार इंग्रजी अमलातील इंग्रज लेखकांनी मोठ्या आश्चर्याने, आणि काहीशा तुच्छतेनेही, नोंदविला. त्यांना त्यात विटंबना दिसली. ज्या मनुष्याने स्वतःस देवाच्या दारचा राखणदार मानले, त्याला राखणदारीचे रूप म्हणून याहून थोर रूप कोणते सुचणार होते, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

या आचारांचा अर्थ ज्या दोन विद्वानांनी उलगडला, त्यांचे ऋण येथे मान्य केले पाहिजे. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी खंडोबाच्या उपासनेचे धागे ग्रंथांतून आणि लोकपरंपरेतून गोळा केले. आणि गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने पुण्यास दीर्घकाळ राहून, धनगरांच्या वाड्यांवर आणि जत्रांत हिंडून, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर १९७६ साली ग्रंथ लिहिला. सोन्थायमर यांचे मुख्य प्रतिपादन असे, की या दैवतांच्या कथांत वन आणि क्षेत्र, म्हणजे रानाचे भटके जीवन आणि नांगराखालचे स्थिर जीवन, यांची गाठ घातलेली आहे. खंडोबाची म्हाळसा वाण्याची लेक, पेठेतली. बाणाई धनगराची, मेंढरांतली. जेजुरीच्या गडावर म्हाळसा देवाशेजारी आहे, तर बाणाईचे देऊळ अर्ध्या चढणीवर आहे. या मांडणीत कुत्र्याचे स्थान पाहिले म्हणजे माझ्या मते एक गोष्ट लक्षात येते, जी सोन्थायमर यांच्या वाचकाने पुढे नेण्यासारखी आहे: बाणाईला अर्ध्या वाटेवर थांबावे लागले, पण तिच्या कळपाचा राखणदार मात्र थेट गाभाऱ्यात पोचला. रानाचा आणि गावाचा हा दुवा कोणत्याही मनुष्यापेक्षा कुत्र्याने अधिक सहज साधला.

कुत्र्याच्या निष्ठेचे स्मारक उभारणेही दक्षिणेत नवे नाही. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळी, ९४९–५० च्या सुमारास, आजच्या कर्नाटकातील अतकूर येथे कोरलेल्या शिलालेखात मणलेर नावाच्या वीराची हकिगत आहे. चोळांवरील विजयानंतर धन्याने त्यास हवे ते मागावयास सांगितले, तेव्हा त्याने काळी नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे तो कुत्रा एका प्रचंड रानडुकराशी झुंजला, दोघेही मेले, आणि कुत्र्यासाठी शिळा उभारून तिच्या पूजेकरिता जमीन तोडून देण्यात आली. मुळशीच्या गावोगावी देवळांपाशी जे वीरगळ उभे आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या तळच्या पट्ट्यात गुरे कोरलेली असतात, म्हणजे तो वीर गुरे सोडवताना पडला. जनावरासाठी मरणारा मनुष्य आणि माणसासाठी मरणारे जनावर या एकाच परंपरेच्या दोन बाजू आहेत. रायगडावर १९३६ साली उभारलेल्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकाबद्दल मात्र सावधपणे बोलले पाहिजे. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेतल्याची ती कथा समकालीन कागदपत्रांत आढळत नाही, आणि त्यावरून जो वाद झाला त्यात इतिहासाची बाजू पुराव्याकडे आहे. तथापि ती कथा लोकांना इतकी खरी का वाटली, याचे उत्तर देव्हाऱ्यातल्या टाकाकडे पाहिल्यावर मिळते.

परंतु मुळशीच्या जनावरांचा खरा इतिहास घाटमाथ्यावरच्या गवळी धनगरांपाशी आहे. मेंढरे घेऊन देशावर फिरणाऱ्या हटकर धनगरांहून हे निराळे; यांचे धन म्हशी आणि गाई, आणि यांची वस्ती पावसाने झोडपलेल्या डोंगरसोंडांवर, दोन-चार घरांच्या वाड्यांत. पुण्याचेच माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाच्या जीवनाचा पर्यावरणशास्त्राच्या दृष्टीने अभ्यास करून १९८२ साली जो निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयातील पायाभूत लेखन आहे. खोऱ्यात कुणबी आणि माथ्यावर गवळी अशी या दोघांनी सह्याद्रीची वाटणी केलेली होती. कुणबी भात पिकवी आणि शिकारही करी. गवळ्याला दुधातून आणि ताकातून पोषण मिळत असल्याने तो सहसा शिकारीच्या वाटेला जात नसे. तो लोणी घेऊन खाली उतरे आणि धान्य घेऊन वर चढे. म्हणजे एका म्हशीच्या पाठबळावर एका मनुष्यसमूहाची अहिंसा, त्याचा व्यापार आणि त्याची वस्तीची जागा, या तिन्ही गोष्टी उभ्या होत्या. धरणाने खोऱ्यातला कुणबी उठवला, तेव्हा माथ्यावरच्या गवळ्याच्या अंगणात पाणी आले नाही. परंतु लोण्याच्या मोबदल्यात धान्य देणारी घरेच पांगल्यावर वरच्या वाड्याची घडी तशीच राहिली असेल, हे संभवत नाही. सत्याग्रहाचा इतिहास राजेंद्र व्होरांनी अत्यंत परिश्रमाने लिहिला. या दुसऱ्या, न बुडालेल्या विस्थापितांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.

गवळ्याची म्हैस आणि माणूस यांच्यातील जवळीक पाहायची तर धार काढण्याची वेळ निवडावी. घरातली एकच बाई बसली तर पान्हा सोडणारी, दुसऱ्या कोणाचा हात लागताच दूध चोरणारी म्हैस प्रत्येक वाड्यात असते. तिच्याशी बोलावे लागते, पाठीवर थाप द्यावी लागते, पुढ्यात आंबोण ठेवावे लागते. आणि हे सारे करूनही ती कोणाला मानावयाचे हे स्वतःच ठरविते. पशूला मालकी कळत नाही, ओळख कळते, एवढे तत्त्व त्या बाईला कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ठाऊक असते.

खाली खाचरांत हीच गोष्ट बैलाच्या बाबतीत. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागात कोठे आषाढातला बेंदूर तर कोठे भाद्रपदी पोळा पाळतात. तिथीचा भेद असला तरी आदल्या संध्याकाळचा विधी एकच असतो. बैलांना ओढ्यावर नेऊन, पेंढ्याच्या चोळण्याने घासून धुतात, आणि दावणीला आणल्यावर मानेवरच्या त्या जागी, जेथे वर्षभर जू टेकून कातडी काळी आणि राठ झालेली असते, हळद आणि लोणी चोळतात. यास खांदेमळणी म्हणतात. दुसऱ्या दिवशीची झूल, रंगवलेली शिंगे, घुंगुरमाळा आणि पुरणपोळीचा घास यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. पण मला हा आदल्या दिवशीचा विधी अधिक गंभीर वाटतो. ज्याने काम करून घेतले तोच मनुष्य त्या कामाने पडलेल्या घट्ट्यावर स्वतःच्या हाताने लेप लावतो. भाताच्या खाचरांत पॉवर टिलर आल्यापासून असे खांदे कमी झाले, आणि ते कमी झाल्याने हा संबंध समजून घेण्याची संधीही कमी होत चालली आहे.

पाश्चात्त्य जगात या संबंधाचे संशोधन सुरू झाले ते निराळ्या दाराने. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांना आढळले, की अबोल झालेले मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्यापाशी मोकळे होते. त्यांनी १९६२ साली तसे लिहिले तेव्हा सहव्यवसायी हसले, आणि पुढे त्यांच्याच मागून गेले. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारातून बाहेर पडलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले, आणि नसलेल्या ३९ पैकी ११. जपानी संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे ममतेशी निगडित द्रव्य वाढते. हे सारे संशोधन आदरणीय आहे. त्याची मर्यादा एवढीच, की त्यातला प्राणी बहुधा घराच्या आत राहतो, काम करीत नाही आणि त्याचा खर्च एकच कुटुंब करते. मुळशीतला कुत्रा अर्धा घरचा आणि अर्धा गावचा. तो राखणीचे काम करतो, त्याच्या भाकरीत चार घरांचा वाटा असतो, आणि श्राद्धाच्या पंचबलीत त्याचे पान शास्त्राने नेमून दिलेले आहे. अशा संबंधाला मोजण्याची रीत वेगळी लागेल.

गावातल्या या मोकळ्या कुत्र्याबद्दल राज्यसत्तेची दृष्टी प्रारंभापासून कठोर होती, आणि लोकांनी ती निमूटपणे स्वीकारली नाही, हेही स्मरणात ठेवण्याजोगे आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडले, आणि फौज बोलवावी लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ स्थापन झाली. प्राण्याविषयीचा धर्मभाव येथे दंगलीपासून संस्थेपर्यंत आला, आणि ते श्रेयस्कर झाले.

घाटाच्या परिसरात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती बिबट्याची. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातील उसाच्या व वस्तीच्या प्रदेशात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, आणि सर्व पाळीव जनावरे मिळून तो ८७ टक्क्यांवर गेला. म्हणजे गावकुसाचा कुत्रा आजही माणूस आणि रान यांच्या मध्येच उभा आहे, आणि त्या जागेची किंमत आपल्या प्राणाने देत आहे. घाटमाथ्यावर ठिकठिकाणी वाघजाईची ठाणी बसवणाऱ्या लोकांना हे गणित आकड्यांवाचून समजलेले होते: वाघाला त्याचा भाग, देवीला तिचा मान, आणि राखणदाराला रात्रीची भाकरी.

आज याच तालुक्यात हिंजवडीच्या संगणक कंपन्या आहेत, लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठे आहेत, आणि पाणलोटाच्या कडेने शहरवासीयांची विश्रामगृहे उभी राहिली आहेत. त्यांच्याबरोबर परदेशी जातींची कुत्री आली, आणि हौस ओसरल्यावर त्यांतली काही ताम्हिणीच्या रस्त्याला सोडून दिलेलीही दिसतात. हे दृश्य मला अत्यंत क्लेशकारक वाटते. गावचा कुत्रा मालकावाचून जगतो, कारण त्याला गाव असते. बंगल्यातून काढलेल्या कुत्र्याला ना मालक उरतो ना गाव. बावधनला जखमी व निराधार प्राण्यांवर उपचार करणारी, २००७ साली स्थापन झालेली रेस्क्यू ही संस्था जे काम करते, त्याची आवश्यकता या नव्या परिस्थितीतून वाढली आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पशुपालक समाज आणि त्यांचे कळप यांची माहिती प्रथमच स्वतंत्रपणे घेण्याचे ठरले. १९१९ च्या पहिल्या गणनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनी का होईना, दप्तराने गुरांमागच्या माणसाकडे पाहिले, हे स्वागतार्ह आहे. पण प्रगणकाच्या पत्रकात संख्या मावते. वाड्यावरच्या प्रत्येक म्हशीला कोणी नाव ठेवले, ती कोणत्या म्हशीची, धरणाआधी लोण्याची घागर कोणत्या वाटेने कोणत्या गावात उतरत असे, चंपाषष्ठीचा पहिला घास कोणत्या कुत्र्याला मिळे, हे त्यात मावत नाही. पुण्यात मानववंशशास्त्र, पुरातत्त्व आणि पर्यावरण या तिन्ही विषयांची विद्यापीठीय परंपरा आहे, तेथून माथ्यावरचे वाडे सकाळी निघून दुपारपर्यंत गाठता येतात, आणि ज्यांच्या आईबापांनी धरणापूर्वीचे खोरे पाहिले ती वृद्ध माणसे अजून त्या वाड्यांवर आहेत. त्यांची जबानी या वर्षी-दोन वर्षांत उतरवून घेतली पाहिजे.